सव्वा युनिट

इकबाल तांबोळी छताला भोक पाडण्याआधी
तीनदा विचारतो, "मॅडम, नक्की ना?
पत्रा परत शिवता येत नाही."
भोसरीत, त्याच्या शेडमध्ये, माझी गाडी उभी आहे,
हडपसरच्या कुठल्याशा शाळेची जुनी बस.
दोन हात पांढरा मारला तरी पिवळा वर येतो,
आणि ऊन तिरपं झालं की मागच्या दारावर
"सावकाश, आत मुलं आहेत" उमटतं.
मुलं नाहीत. आत सहा फुटी फळी आहे,
एक शेगडी, दोन कप्पे, त्यातला एक अडकतो,
आणि मी, वय एकोणसाठ.

एकतीस वर्षं मी वीजबिलं काढली.
रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर.
चालू रीडिंग वजा मागील रीडिंग,
स्थिर आकार, वहन आकार, थकबाकी.
लोकांचे उन्हाळे मला आकड्यांत कळायचे:
कुणाकडे कूलर आला,
कुणाची लेक बाळंतपणाला आली आणि गीझर दुपारीही चालला,
कुणाचं घर एकाएकी शून्यावर गेलं.
शून्यापुढे आम्ही "कुलूपबंद" लिहायचो.
शिक्काच होता त्याचा.

तपकीर गल्लीत सोळा एमएमची वायर मागितली.
"घरात एवढी जाड कोण घालतं?"
म्हटलं, घर नाही, बारा व्होल्ट आहे.
बारा व्होल्ट म्हणजे थकलेला पोस्टमन,
लांब पाठवला की पोचतो, पण रिकाम्या हातानं.
"किती मीटर?"
"चार."
"चार मीटर कापत नाही आम्ही."
कापली. मोजताना बोटभर कमी धरली,
ते मी पाहिलं,
आणि मी पाहिलेलं त्यानंही पाहिलं.

पहिला कंट्रोलर मी जाळला.
आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. मी उलट केलं.
वास तीन दिवस पडद्यांत राहिला.
वहीत खर्चाच्या रकान्यात लिहिलं:
घाई, रुपये अठ्ठावीसशे.

मग एका दुपारी हिरवा दिवा लागला.
पलंगाखाली शंभर अँपिअर-तास.
पाकिटाच्या पाठीवर गुणाकार केला,
बाराशे ऐंशी. म्हणजे युनिट एक, आणि वर पाव.
माझ्या टेबलावरून अख्ख्या पेठांची वीज गेली,
आणि वाट्याला आले, भटजीच्या ताम्हनात पडावेत तसे,
सव्वा.
इकबाल म्हणाला, "सव्वा शुभ असतं."
हे त्यानं मला सांगावं!

धायरीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणली तर
खळदकरांची नोटीस लिफ्टशेजारी:
पार्किंग वाहनांसाठी आहे, निवासासाठी नाही.
खाली सही, दोन रेघा मारलेली.
गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली. दहाला गेली, चार वाजले.
खळदकर आले. हातात नेब्युलायझर, मागे आई.
ते नोटिशीबद्दल बोलले नाहीत,
मी मीटिंगबद्दल.
दीडशे वॉट, दहा मिनिटं. पंचवीस वॉट-तास.
सवयीनं मनात बिल निघालंच,
शून्य रुपये, शून्य पैसे,
फक्त शिक्का कुठला मारावा ते सुचेना.
आजी फळीवर बसल्या, मास्क खाली घेतला.
"ही कुठं जाते गं?"
"अजून कुठंच नाही."
"असू दे," म्हणाल्या, "मीही."

रात्री मी आतच झोपले.
इन्व्हर्टर बंद, नुसता एक बारा व्होल्टचा दिवा.
बराच वेळ काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं.
मग कळलं, ती गुणगुण.
ट्यूबची, पंख्याची, ऑफिसातल्या चोकची,
भिंतीत जन्मभर चालू असलेली.
इथं वीज येते आणि बोलत नाही.
उठून मीटर पाहिला. तेरा पूर्णांक एक.
पुन्हा पाहिला.
उद्या ब्रेक दाखवायचे आहेत.
मागचं डावं चाक धरतंय.